पाहुण्याचा खराटा

दुर्गाताईंच्या यजमानांचा, यादवरावांचा फोन आला तेव्हा मी प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासत बसलो होतो. "सर, दुर्गा गेली जी," एवढंच ते बोलले आणि फोन कानाला धरून तसेच उभे राहिले असावेत. त्यांच्या गोंदियालगतच्या मुर्रीतल्या घरातली कुजबुज, कुणाचं तरी रडणं, अंगणातल्या हापशाचा आवाज, सगळं मला ऐकू येत होतं. मीही फोन ठेवला नाही. आदल्याच आठवड्यात मी दुर्गाताईंना भेटून आलो होतो. हिवाळाभर चाललेल्या आजारपणाने दुर्गाताई पार वाळल्या होत्या. पडवीत खाट टाकून पडलेल्या. मी तब्येतीचं विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "सर, ते कोपऱ्यातले खराटे उन्हात टाका जी. वाळवी लागून राहिली त्याले." मी मुकाट्याने खराटे अंगणात नेऊन भिंतीला टेकवले. त्यांनी खाटेवरूनच मान उंच करून सगळे नीट उन्हात आहेत की नाही हे पाहिलं आणि म्हणाल्या, "होळीच्या आधीचा रविवार चुकवू नोका." मी "हो" म्हटलं. आजारी माणसाला आपण म्हणतो तसं. त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं, "हो म्हणजे हो ना जी?" मी पुन्हा हो म्हटलं. या खेपेला मात्र मला माझाच आवाज पोकळ वाटला.

दुर्गा पटले गोंदियात टपाल खात्यात कारकून होत्या. माहेर गोरेगावकडचं, पोवारांचं भरल्या घराचं, धानाच्या शेतीचं. खिडकीतून रांगेवर ओरडून ओरडून आवाज असा कमावलेला की जंगलात आम्हाला एकमेकांना हाका मारायची गरजच पडत नसे. नव्याण्णव साली, जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्या वर्षी, मी वर्ध्याहून इथल्या कॉलेजात विज्ञान शिकवायला आलो. गावात कुणी ओळखीचं नव्हतं. टपालात मनीऑर्डर करायला गेलो, तर माझ्या गळ्यातली दुर्बीण पाहून खिडकीतून प्रश्न आला, "पाखरं पाहता काय जी?" पुढच्या रविवारी मी त्यांच्या मंडळींबरोबर जीपमध्ये होतो. मंडळी म्हणजे टपालातले दोघे-तिघे, शाळेतल्या काही बाई आणि कापडाचे व्यापारी लालवानी सेठ, ज्यांचा कॅमेरा त्यांच्या दुकानापेक्षा महाग आहे असं आम्ही त्यांना चिडवायचो. आज नवेगाव, पुढच्या वेळी नागझिरा, मग कुठलासा तलाव, कुठे सारसाची जोडी उतरली आहे असं कळलं की तिकडे. दुपारी नाल्याकाठी बसून तांदळाच्या भाकरी आणि दुर्गाताईंनी आणलेले लाखोळीच्या डाळीचे वडे. यापलीकडे आमचा काही उद्देश नव्हता आणि तो नाही याचं कुणाला वाईटही वाटत नव्हतं.

तो नाला एका टोल्याजवळचा. पाच-पंचवीस घरांची वस्ती, बहुतेक गोंड कुटुंबांची, भोवती मोहाची जुनी झाडं. पहिल्या वर्षी आम्ही चैत्रातही तिथे पाय बुडवून बसलो होतो. पुढे फाल्गुनातच डबकी उरायला लागली, नंतर तीही आटली. त्या सुमारास पृथ्वी तापते आहे यावर मिळेल ते वाचायचा मला नाद लागला होता. वाचलं ते सांगितल्याशिवाय मास्तराला चैन पडत नाही. लालवानी सेठच्या दुकानाच्या माडीवर पडदा लावून मी मंडळींसाठी एक व्याख्यानच दिलं. आलेख, वितळणारे बर्फाचे डोंगर, भेगाळलेली जमीन... शेवटी दिवा लावला तर सगळ्यांची तोंडं अशी झालेली, जणू त्यांच्याच घरी काही घडलं आहे. पुढच्या रविवारी जीप निम्मी रिकामी होती.

दुर्गाताई मला तेव्हा जे बोलल्या ते मी अजून विसरलो नाही. "सर, तुमी खोटं नाही सांगून राहिले. पण भेवलेला माणूस काय करते? घरी जाऊन दार लावते. ज्याले जंगल आवडते त्याले जंगलात काम द्या. मग तो भेवणार नाही." मी जरा चिडूनच विचारलं की कोणतं काम द्यायचं? "ते मले माहीत असतं तर मी टपालात ठप्पे मारत कायले बसली असती जी?" असं म्हणून त्या हसल्या. पण विषय त्यांनी सोडला नाही. पुढचे कितीतरी रविवार त्या पाखरांकडे कमी आणि जमिनीकडे जास्त पाहायच्या. सेठ म्हणायचे, "दुर्गा बहन, ज़मीन पर कौन सा पंछी ढूँढ रही हो?"

काम सापडलं ते होळीच्या सुमारास. टोल्याकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना जमीन काळी पडलेली, मधूनच धूर निघत होता. एका मोहाखाली फुलवंताबाई उईके राखेतून फुलं वेचत होत्या. वयाने दुर्गाताईंच्याच जवळपासच्या, नऊवारीचा काचा मारलेला, बोलणं तोडून टाकल्यासारखं. मोहाची फुलं पहाटेपासून टपटप गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. खाली वाळलेल्या पाल्याचा थर असला की फूल सापडत नाही, म्हणून आधी पाला पेटवून जागा साफ करायची ही इथली जुनी रीत. दुर्गाताई तिथेच उकिडव्या बसून फुलं वेचू लागल्या आणि वेचता वेचता विचारलं, "बाई, पाला काऊन जाळता?"

"जाळू नाही तं काय करू? झाडत बसली तं तवापर्यंत ढोरं येऊन फूल खाऊन जाते."

"आग मंग झाडाखालीच थांबते काय?"

"ते कुठची थांबते बाई," फुलवंताबाई म्हणाल्या. "गेली का डोंगरापर्यंत जाते. आमचंच सरपण खाऊन जाते."

"आमी गोंदियाहून येऊन झाडून देलं तं?"

फुलवंताबाईंनी वेचणं थांबवून आमच्या सगळ्यांच्या बुटांकडे, टोप्यांकडे, सेठच्या कॅमेऱ्याकडे एकदा पाहून घेतलं. मग म्हणाल्या, "झाडा."

पुढच्या वर्षी होळीच्या आधीच्या रविवारी आम्ही जीपमधून खराटे नेले. बाजारातून आणलेल्या खराट्यांच्या मुठींना दुर्गाताईंनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या, शहरी हातांना फोड येऊ नयेत म्हणून. लालवानी सेठ म्हणाले, "घर में आज तक झाड़ू नहीं पकड़ा। बीवी को पता चला तो रोज़ की ड्यूटी लग जाएगी।" आणि तरीही सगळ्यांत आधी घाम त्यांनाच फुटला. त्याच दिवशी दुर्गाताईंनी एक पद्धत पाडली. जो पहिल्यांदा आला असेल त्याला त्या स्वतःचा खराटा द्यायच्या, दाट काड्यांचा, बरोबर वजनाचा. "पाहुण्याले चांगला खराटा द्याव. वाईट देला तं तो पुन्हा येत नाही." आणि स्वतः शिंदीची झावळी तोडून तिने झाडायच्या. वर्षानुवर्षं मी त्यांना झावळीनेच झाडताना पाहिलं, कारण दर वर्षी कुणी ना कुणी नवं असायचंच.

पण सुरुवातीलाच आम्ही एक घोळ करून ठेवला. दुसऱ्या वर्षीची गोष्ट. टोल्यात लग्न होतं. आम्ही सकाळी पोचलो तर सगळी वस्ती हळदीत गुंतलेली आणि झाडांखाली फुलांचा सडा पडलेला. ढोरं यायची वेळ झाली होती. आम्हाला उत्साह आवरेना. सगळ्या झाडांखालची फुलं आम्ही वेचली, ताडपत्रीवर त्यांचा एक मोठा ढीग घातला आणि शाबासकीच्या आशेने त्याच्याभोवती उभे राहिलो. सेठनी ढिगाचा फोटोही काढला. थोड्या वेळाने घरोघरची माणसं टोपल्या घेऊन आली आणि ढीग पाहून जागीच थांबली. ते रान सरकारी असलं तरी एकेक मोह एकेका घराचा असतो. आजोबापासून चालत आलेला, कुठे लिहिलेलं नसलं तरी सगळ्यांना पाठ असलेला हक्क. आम्ही सगळ्यांची फुलं एकात एक केली होती. कुणाचं झाड जास्त फुललं होतं, कुणाचं कमी, आता वाटणी कशी करायची? दोन घरं आधीच एकमेकांशी बोलत नव्हती. ती बोलायला लागली, पण काय बोलली ते इथे छापता यायचं नाही. फुलवंताबाई आम्हाला म्हणाल्या, "झाडावर नाव नाही म्हणून त्याले घर नाही काय जी? जा तुमी."

परतीच्या जीपमध्ये गोरेगाव मागे पडल्यावर सेठ म्हणाले की भलाई का ज़माना नहीं रहा, आणि मी त्यांना दुजोरा दिला. आपण पाखरं पाहणारी माणसं, पाखरं पाहावीत... पुढच्या रविवारी आम्ही कुणी गेलो नाही. दुर्गाताई गेल्या. एसटीने, एकट्या. त्या दिवशी काय झालं ते मला पुष्कळ नंतर फुलवंताबाईंकडूनच कळलं. "तुमच्या दुर्गाबाईले आमी लय बोललो. एका घरचे बोलून झाले का दुसऱ्या घरचे. ते अंगणात बसली तं उठलीच नाही. मंग कोणीतरी पानी देलं. पानी पेली आन् म्हणे, चुकलं, आता कसं करू ते सांगा." माफी मागून निघून येणं सोपं होतं. माफी मागून तिथेच बसून राहणं आणि पुढचं विचारणं, हे त्या बाईंनाच जमलं.

त्या अंगणात ठरलं ते असं. आपापल्या मोहाखाली ज्याने त्याने झाडायचं. खराटे दुर्गाताई आणून देतील. गोंदियाच्या लोकांनी एकाही फुलाला हात लावायचा नाही. त्यांनी मधल्या वाटा आणि डोंगराकडचा पट्टा झाडायचा, म्हणजे जाळरेषा ठेवायची, पलीकडून वणवा आला तर तिथे अडावा म्हणून. आणि काडी कुणीच लावायची नाही. हे ऐकून मी म्हटलं की म्हणजे आपल्या वाट्याला नुसता पाला. दुर्गाताई म्हणाल्या, "हो. अन् पाला आपल्या मापाचा आहे जी सर."

नंतर मात्र मंडळी वाढली. दुर्गाताई सकाळी फिरायला येणाऱ्यांना मैदानावर गाठायच्या आणि म्हणायच्या, चालायचंच आहे ना, मग खराटा घेऊन चाला. सायकलवाले आले, मासे धरायचा छंद असलेले दोन वकील आले. भाषण कुणालाच मिळालं नाही. झाडायला मिळालं आणि झाडून झाल्यावर वडे मिळाले. माझा स्वभाव मुळातच कुरकुऱ्या. एकदा तिरोड्याहून परत येताना वीज केंद्राच्या चिमण्या दिसल्या आणि मी म्हटलं, "कुठे त्या चिमण्या आणि कुठे आपला खराटा." मला वाटलं हे बिनतोड आहे. दुर्गाताई म्हणाल्या, "पंखा तुमी बी लावता ना जी? मंग चिमणी एकट्याची नाही, आपल्या साऱ्याची आहे. तिच्याबद्दल जिथं बोलायचं तिथं बोलू, मी काही गप्प बसणारी नाही. पण तोपर्यंत पाला कोन झाडन?" त्या खरंच गप्प बसल्या नाहीत. घराच्या छपरावर सूर्याचा हीटर बसवला, टपालातल्या साहेबांच्या मागे लागून दुपारचे फुकट जळणारे दिवे बंद करवले, कुठे सभा असली की हात वर करून प्रश्न विचारायच्या. पण होळीचा रविवार आला की हे सगळं बाजूला आणि खराटा हातात.

मग एका उन्हाळ्यात डोंगरापलीकडून वणवा आला. वारं त्याच्याच बाजूचं होतं. आमच्या पट्ट्यावर तो बऱ्याच जागी अडला, पण एका ठिकाणी उडी मारून आत घुसला आणि टोल्याकडचं अर्धं रान जाळून गेला. बातमी कळल्यावर आम्ही गेलो. इतक्या वर्षांचं झाडणं डोळ्यांसमोर काळं पडलं होतं आणि मी मनातल्या मनात हिशोब मिटवून टाकला होता. झालं, संपलं. आता आपण नुसतं पाहायचं, जेवढं उरलं आहे तेवढं. दुर्गाताई मात्र जळलेल्या बाजूला थांबल्याच नाहीत. "न जळलेलं पाहू चला," म्हणून त्या पुढे झाल्या आणि आम्ही आपले मागून निघालो.

लालवानी सेठना ते आधी दिसलं. ते कॅमेरा घेऊन कशासाठीतरी खाली वाकले होते, ते तसेच वाकलेले राहिले. "सर, इधर आओ। ये महुआ है क्या?" गुडघ्याएवढं रोप होतं. तांबूस कोवळी पानं. मग पलीकडे दुसरं दिसलं, एका झुडपाआड आणखी... फुलवंताबाईंना हाक मारली. त्या आल्या, त्यांनी पान चुरगाळून पाहिलं आणि खाली बसल्या. "मी लगन होऊन आली तवापासून मोहाचं लहान झाड पाह्यलं नाही. सारे म्हातारेच." दर वर्षी पाल्याबरोबर रोपंही जळत होती आणि उभे होते ते फक्त आज्या-पणज्यांच्या काळचे मोह. ते पडले की मोह संपला असता. आम्ही पाला झाडत होतो. रोपं आपोआप येत होती आणि वर बघायची सवय असल्यामुळे आम्हाला ती दिसलीच नव्हती. दुर्गाताई तिथे सगळ्यांसमोर रडल्या. पदर तोंडाला न लावता, मोकळ्या. मीही रडलो, सांगायला कशाची लाज? मग त्यांनी नाक पुसलं आणि विचारलं, "आगीनं उडी कुठून मारली, ते दाखवा. तिथं पट्टा अरुंद होता. रुंद करू." त्याच दुपारी आम्ही रुंद करायला लागलो.

यादवराव या सगळ्यात कधीच नव्हते. ते राइस मिलमध्ये फिटर होते. रविवारी मिल बंद, म्हणून यंत्रांची दुरुस्ती नेमकी रविवारी. कुणी विचारलं तर म्हणायचे, "दुर्गा जंगल झाडते, मी घर झाडतो. वाटणी झाली आमची." निवृत्त झाल्यावरही आले नाहीत. पहाटे जीप निघताना फाटकाशी उभे राहून हात हलवायचे आणि संध्याकाळी खराटे उतरवून घ्यायचे, बस.

दुर्गाताई गेल्या त्याला आता काही आठवडे झाले. मला त्यांची आठवण येते, फार येते आणि तऱ्हेतऱ्हेने येते. टपालासमोरून जाताना येते, वर्तमानपत्रात तापमानाची बातमी वाचून माझं तोंड वाकडं होतं तेव्हा येते. होळीच्या आधीचा रविवार जवळ आला तसा मी बेचैन झालो. कुणाला फोन करावा आणि काय म्हणून? त्यांचा आवाज माझ्याकडे नाही. माणसं गोळा करायची विद्या माझ्याकडे कधीच नव्हती, पांगवायची मात्र मी माडीवरच्या व्याख्यानात दाखवून दिली होती. शनिवारी संध्याकाळी सेठचा फोन आला. "सर, कल कितने बजे?" मी म्हटलं, नेहमीच्या वेळी. एवढंच बोलणं झालं.

रविवारी उजाडताना मुर्रीला पोचलो तेव्हा फाटक उघडं होतं. पडवीच्या भिंतीला सगळे खराटे ओळीने उभे होते. उन्हात वाळवलेले, सैल काड्या नव्या तारेने आवळलेल्या, मुठींवरच्या फाटक्या ट्यूब काढून नव्या पट्ट्या चढवलेल्या. फिटरच्या हाताची घट्ट, साफ गुंडाळणी. फक्त दुर्गाताईंच्या खराट्याची पट्टी जुनीच ठेवली होती. जीप आली, तिच्यामागे आणखी एक आली. वकील होते, मैदानावरचे होते, सायकलवाले तर आधीच पुढे निघाले होते. खराटे चढवून झाले तसे यादवराव घरातून डबा घेऊन बाहेर आले, दाराला कडी घातली आणि जीपमध्ये मागे जाऊन बसले. डब्यात लाखोळीचे वडे होते. वास जरा करपल्याचा येत होता.

टोल्यावर फुलवंताबाई वाटेतच उभ्या होत्या. त्यांना बातमी कळली होती. यादवरावांकडे पाहून त्यांनी मान हलवली, यादवरावांनीही हलवली. माणसं खराटे घेऊन पट्ट्याकडे पांगू लागली. यादवरावांनी उरलेल्यांतला सगळ्यांत झिजलेला उचलला, निम्म्या काड्या गेलेला. मी तो त्यांच्या हातातून काढून जीपमध्ये परत ठेवला आणि माझ्या हातातला, दुर्गाताईंचा, त्यांना दिला.

"हा कायले जी सर?" ते म्हणाले. "हा तिचा होय."

"पहिल्यांदा आले ना तुम्ही," मी म्हटलं. "पाहुण्याला चांगला द्यायचा असतो."

त्यांनी मुठीवरच्या त्या जुन्या, गुळगुळीत झालेल्या पट्टीवरून अंगठा फिरवला. मग तिथेच हात धरून त्यांनी झाडायला सुरुवात केली. जोरात, मिलच्या फरशीवर झाडतात तसं. पाला सगळा उडून पुन्हा मागे पडायला लागला.

"मारू नोका, वढा," फुलवंताबाई म्हणाल्या. "मारून पाला जात नाही. वढा त्याले." मग माझ्या रिकाम्या हातांकडे पाहून म्हणाल्या, "अन् सर, शिंदी तिकडं नाल्याकडं आहे."

मी झावळी तोडून आणली तोवर यादवरावांचा हात बसला होता. ते पट्ट्याच्या डाव्या कडेने पाला ओढत डोंगराकडे निघाले होते. मी उजवी कड धरली.